चढावर दम, उतारावर गुडघे

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय शेहेचाळीस, अंगाने सडपातळ, विडी-सिगारेटचे व्यसन नाही. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "डॉक्टर, अ‍ॅसिडिटीची एखादी चांगली गोळी लिहून द्या. रविवारी पळायला जातो तेव्हा छातीत जळजळ होते."

बाहेर बाकावर पंधरा-वीस पेशंट बसलेले. खरे सांगतो, मी गोळीचे नाव लिहायला घेतलेही होते. लिहिता लिहिता सहज विचारले, "रविवारीच का? रोज पळता ना?"

"रोज सोसायटीच्या आवारात पळतो, सपाटीवर. रविवारी मंडळींबरोबर टेकडीला जातो. चढ लागला की जळजळ सुरू होते. दोन मिनिटे उभे राहिले की आपोआप थांबते."

मी पेन खाली ठेवले. आम्लपित्ताला चढ आणि सपाटी कळत नाही, हृदयाला मात्र कळते. त्यांचा कार्डिओग्राम काढला, तो अगदी नॉर्मल आला. गृहस्थांना हायसे वाटले, मला वाटले नाही. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पुढे अँजिओग्राफी झाली आणि एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट बसवला. आता ते बरे आहेत. पण ते तीन रविवार अँटासिडची बाटली खिशात घेऊन टेकडी चढत होते, हे आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून आजचा विषय चढ-उतारावर धावण्याचा.

वाघोली बदलली, वाटाही बदलल्या

मी वाघोलीत दवाखाना थाटला तेव्हा इथे मुद्दाम पळणारा माणूस म्हणजे सैन्यात किंवा पोलिसात भरती होऊ पाहणारा मुलगा. बाकीच्यांना शेतातच इतके चालावे लागे की वेगळ्या व्यायामाची गरज नव्हती. २०२१ साली वाघोली पुणे महापालिकेत गेली. त्याच्या आधीपासूनच इमारती उभ्या राहत होत्या. आज वाघेश्वराच्या देवळापाशी पहाटे उभे राहिलात तर रंगीत बूट घातलेली, मनगटावर घड्याळे बांधलेली मंडळी घोळक्याने पळताना दिसतील. कोणी केसनंदच्या बाजूला जातात, कोणी भावडीच्या टेकड्यांकडे. सुट्टीच्या दिवशी काही सिंहगड गाठतात, काही दिवेघाट. चांगली गोष्ट आहे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाने धावणे याहून चांगले औषध माझ्या कपाटात नाही. पण कोणतेही औषध मात्रेतच घ्यावे लागते, आणि चढ म्हणजे त्याच औषधाची वाढीव मात्रा.

चढावर शरीरात काय घडते?

सपाटीवर धावताना आपण शरीर पुढे ढकलतो. चढावर ते पुढे ढकलायचे आणि वरही उचलायचे. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढते अशा चढावर, त्याच वेगाने धावायला सपाटीपेक्षा दीडपटीहून जास्त शक्ती लागते. मांड्या, पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू जास्त प्राणवायू मागतात. तो पुरवायला हृदय भराभर आणि जोराने आकुंचन पावते. म्हणजे ज्या माणसाला सपाटीवर काही त्रास नाही, त्याच्या हृदयाची खरी परीक्षा चढ घेतो. आमच्या त्या गृहस्थांचे असेच झाले.

मग स्वस्थ पडून काढलेला कार्डिओग्राम नॉर्मल कसा? कारण पडून असताना हृदयाला रक्त कमी लागते आणि अरुंद झालेल्या वाहिनीतूनही तेवढे मिळून जाते. नळ अर्धा बंद असला तरी तांब्या भरतो. टाकी भरायची वेळ आली की खरे समजते. म्हणून "माझा ईसीजी नॉर्मल आहे" एवढ्यावर कोणी निश्चिंत राहू नये.

चढावर एक साधी कसोटी वापरावी. पळता पळता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर वेग कमी करा. तरीही तुटत असेल तर चाला. चढावर चालण्यात काहीही कमीपणा नाही. मुरलेले धावपटूसुद्धा उभा चढ लागला की चालतात. पावले लहान टाका, कमरेत वाकू नका आणि नजर समोर ठेवा.

घड्याळातल्या आकड्यांविषयी पुष्कळ जण विचारतात. २२० मधून वय वजा केले की जास्तीत जास्त नाडीचा अंदाज येतो, हे खरे. पण तो अंदाजच. दोन सारख्या वयाच्या माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय रक्तदाबासाठी काहींना दिलेल्या ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी नाडी दबून राहते. अशा माणसाचे घड्याळ "सगळे ठीक" सांगते आणि माणूस मात्र पुरता थकलेला असतो. घड्याळापेक्षा स्वतःच्या श्वासावर विश्वास ठेवा.

उतार सोपा नाही

चढ संपला की जिंकलो असे वाटते. इथेच फसगत होते. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

पन्नाशी ओलांडल्यावर मीही सकाळी थोडे पळू लागलो. एका रविवारी सिंहगड चढलो, बऱ्यापैकी वेळेत चढलो, आणि त्याच आनंदात तरुण मुलांच्या मागे उतारावर धाव घेतली. त्या दिवशी काही जाणवले नाही. सोमवारी सकाळी पलंगावरून उठताना मांड्या भरून आल्या होत्या. मंगळवारी दवाखान्याच्या पाच पायऱ्या मी कठडा धरून, आडवा होऊन उतरलो. कंपाउंडर हसला, पेशंटही हसले.

असे का होते? उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचे काम करतो. तो ताणला जात असतानाच त्याला आवळूनही धरावे लागते. या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. दुखणे लगेच येत नाही, चोवीस ते बहात्तर तासांत वाढते आणि चार-सहा दिवसांत जाते. समाधानाची बाब ही की स्नायू लवकर शिकतात. थोडा उतार उतरल्यावर काही दिवसांनी पुन्हा तेवढाच उतरलात तर दुखणे पुष्कळच कमी असते. म्हणून उताराचीही सवय हळूहळूच करावी.

उतारावर लांब ढांगा टाकून टाचेवर आपटू नका. त्याने गुडघ्याच्या वाटीवर आणि नडगीवर धक्का बसतो. पावले लहान आणि भराभर ठेवा, गुडघा किंचित वाकलेला असू द्या, पाऊल शरीराच्या खाली पडू द्या. नजर तीन-चार मीटर पुढे ठेवा. आपल्याकडच्या टेकड्यांवर मुरमाची बारीक खडी असते, तिच्यावरून पाय हमखास सटकतो. पाय मुरगळला तर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उंच ठेवा. चोळू नका. चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावाच लागतो.

एक गोष्ट विसरू नका. जोरदार व्यायामानंतर स्नायू फार सुजले, दुखणे असह्य झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होऊ लागली तर घरी थांबू नका. स्नायूंतला घटक रक्तात उतरून मूत्रपिंड बिघडण्याची ती खूण असते. आणि पळण्याआधी "दुखू नये म्हणून" वेदनाशामक गोळी घेण्याची जी पद्धत पडत चालली आहे, ती सोडा. अंगातले पाणी कमी झालेले असताना डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

अथेन्सच्या डोंगराळ वाटेचा धडा

मॅरेथॉन शर्यतीचा जन्मच डोंगराळ वाटेवर झाला. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा मॅरेथॉन या गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरची शर्यत झाली. भूमध्य समुद्राच्या बाजूचा तो मुलूख. सुरुवातीला वाट बरीचशी सपाट, मग कितीतरी किलोमीटर चढती आणि शेवटी शहराकडे उतरणारी. फ्रान्सचा लेर्मुसिओ आणि ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक हे कमी अंतराचे नावाजलेले धावपटू आधी पुढे राहिले. लेर्मुसिओने चढाच्या अखेरीस शर्यत सोडली. फ्लॅक शेवटच्या टप्प्यात कोसळला. जिंकला तो स्पिरिडॉन लुईस, पाणी वाहून पोट भरणारा ग्रीक माणूस. त्याने चढावर शक्ती राखून ठेवली होती. धडा एवढाच, की चढावर उधळलेली ताकद उतारावर परत मिळत नाही.

आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शेतकऱ्यांची अनवाणी पळणारी पोरे पाहून सर दोराबजी टाटांनी हिंदुस्थानातून ऑलिंपिकला संघ पाठवण्याचा विचार पुढे नेला. १९२० साली अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. अलीकडच्या काळात नाशिकच्या डोंगराळ भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत, माण तालुक्यातली ललिता बाबर, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे ही सगळी उंचसखल मुलखातली मुले. पण हे लोक लहानपणापासून त्या वाटांवर चालत आलेले. चाळिशीपर्यंत लिफ्टने ये-जा केलेल्या माणसाने तीन महिन्यांत त्यांची बरोबरी करायला जाऊ नये. साताऱ्याला २०१२ सालापासून यवतेश्वर घाटात एकवीस किलोमीटरची शर्यत होते. आधी चढ आणि मग उतार. दरवर्षी तिथून आल्यावर दोन-तीन जण गुडघा धरून माझ्याकडे येतात. विचारले की उत्तर एकच. सराव सगळा सपाटीवर केलेला.

ऊन आणि पाणी

२०१४ च्या जून महिन्यात मुंबईला पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला, हे पुष्कळांना आठवत असेल. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. धडधाकट पोरेसुद्धा उन्हात आणि दमट हवेत दगावू शकतात.

धावताना स्नायू भट्टीसारखी उष्णता तयार करतात. चढावर ती आणखी वाढते, वेग मात्र कमी असल्याने अंगाला वारा लागत नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून मार्च उजाडला की पहिले दोन आठवडे अंतर कमी करा आणि सूर्य वर येण्याआधी घरी परता. पळणारा माणूस अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला तर तो उष्माघात समजा. अशा वेळी आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत घ्या, कपडे सैल करा, मिळेल तितके गार पाणी अंगावर ओता, वारा घाला, आणि हे करत असतानाच १०८ वर फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पाणी प्यावे, पण तहानेप्रमाणे. पाणी जितके जास्त तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात मिठाचे, म्हणजे सोडियमचे, प्रमाण कमी निघाले. बेसुमार पाणी पिणे हे त्याचे मोठे कारण होते. तासाभराच्या आत पळून येणार असाल तर घरून पाणी पिऊन निघालात तरी चालते. जास्त वेळ लागणार असेल, घाम फार येत असेल, तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून ते पाणी बरोबर ठेवा. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्यावा.

आळस नव्हे, पंडुरोग

पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आईबरोबर आली होती. आठशे मीटर पळायचे, पण शेवटच्या दोनशे मीटरला तिला धाप लागायची. टेकडीच्या सरावात तर ती सर्वांत मागे. प्रशिक्षण देणारे म्हणत, मन लावत नाही. घरचे म्हणत, आळशी आहे. मुलगी खाली मान घालून बसली होती. मी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, ती पांढरीफटक. हिमोग्लोबिन निघाले आठ. इतक्या कमी रक्तावर ती टेकडी चढत होती, हेच विशेष. आईला म्हटले, "वहिनी, पोरगी आळशी नाही, चांगली जिद्दीची आहे. तिच्या अंगात रक्त नाही."

जंताचे औषध दिले, लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता, त्यावरही इलाज केला. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेले. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी असते, हे सरकारी पाहणीतच नोंदलेले आहे. मुलगी चढावर मागे पडते तेव्हा तिला बोल लावण्याआधी तिचे रक्त तपासा.

आधी कोणी तपासून घ्यावे?

चाळिशीच्या पुढे असाल आणि मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल यांपैकी काही असेल, किंवा घरात कोणाला पंचावन्न वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर चढावर धावायला सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. आपल्या लोकांत हा विकार पाश्चात्त्यांपेक्षा आठ-दहा वर्षे आधी येतो. घरातले कोणी तरुणपणी अचानक गेले असेल तर वय विचारात न घेता तपासणी करा. ज्यांना गोळीने किंवा इन्शुलिनने साखर एकदम उतरण्याची भीती आहे, त्यांनी पळण्याआधी साखर पाहावी, खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी आणि परत आल्यावर तळपाय बघावेत. ताप, खोकला, डेंग्यू असताना पळू नका. विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते, आणि त्यावर श्रमाचा ताण घातक ठरतो.

पुढील खुणा दिसल्या तर त्याच क्षणी थांबा:

– चढावर छातीत दडपण, जळजळ किंवा आवळल्यासारखे होणे. ते जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात किंवा पाठीत जाणे.
– नेहमीच्याच चढावर एकाएकी जास्त धाप लागणे.
– भोवळ येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत फडफडणे.
– थंड घाम सुटणे, मळमळणे.

थांबल्यावर त्रास गेला तरी डॉक्टरांना दाखवाच. थांबूनही जात नसेल तर १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खा, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

सुरुवात कशी करावी?

पहिले चार आठवडे सपाटीवर रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला. पुढचे तीन-चार आठवडे तेच चालणे सौम्य चढावर करा. मग एक मिनिट चढावर हळू पळा आणि चालत खाली उतरा. असे चार वेळा, आठवड्यातून एकदाच. दर आठवड्याला एखादी खेप वाढवा. उतारावर पळणे सर्वांत शेवटी. आठवड्यातून दोन दिवस घरीच खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, पायरीवरून एक पाय हळूहळू खाली टेकणे आणि चवड्यांवर उभे राहणे हे व्यायाम करा. गुडघ्याचे खरे संरक्षण बुटाच्या किमतीत नाही, मांडीच्या स्नायूत आहे.

आपल्या भागापुरत्या दोन सूचना. वाघोली-भावडीकडे दगडाच्या खाणी आणि क्रशर आहेत. धावताना तोंडाने कितीतरी पट हवा आत जाते, तिच्याबरोबर धूळही जाते. क्रशर चालू असताना किंवा नगर रस्त्याच्या कडेने, धुरात पळू नका. दुसरी सूचना कुत्र्यांची. कुत्रे मागे लागले तर पळ काढू नका, थांबा. चावले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद-तिखट लावू नका. आणि त्याच दिवशी लस सुरू करून सगळे डोस पुरे करा.

दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवेघाट चढते. त्यात साठी-सत्तरीतल्या आज्याही असतात. कोणी धावत नाही, कोणी कोणाशी शर्यत लावत नाही. दमले की बसतात, पाणी पितात, पुन्हा चालू लागतात. रोज चालून घाटापर्यंत आलेले पाय घाटही चढतात. धावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

ते शेहेचाळीस वर्षांचे गृहस्थ परवा पुन्हा आले. तज्ज्ञांच्या सल्ल्याने आता सपाटीवर रोज चाळीस मिनिटे चालतात. विचारत होते, "डॉक्टर, टेकडी कधी?" म्हटले, "टेकडी कुठे पळून जात नाही. आधी तज्ज्ञांची पुन्हा एक तपासणी होऊ द्या. मग आपण दोघे मिळून जाऊ, आणि चढावर चालूच."